गेमिंग संगणक : एसएसडीत काय ठेवावे, काय ठेवू नये?

उमरगा : सकाळी सातबाऱ्याचा उतारा किंवा पीकविम्याचा अर्ज, दुपारी मुलांचा अभ्यास आणि रात्री गेम, अशी सारी कामे एकाच संगणकावर चालणारी घरे तालुक्याच्या ठिकाणी कमी नाहीत. हा संगणक चार-सहा वर्षांनी मंद झाला, की दुकानदाराचा पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘एसएसडी बसवून घ्या.’ सल्ला योग्यच असतो. परंतु जुनी एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि तिच्या जोडीला नवी २५६ किंवा ५०० जीबीची एसएसडी अशी व्यवस्था झाली, की खरा प्रश्न उभा राहतो. या वेगवान पण तोकड्या जागेत नेमके ठेवायचे काय?

‘मोठी एसएसडी घ्या म्हणजे प्रश्नच मिटला’, असे म्हणणे सोपे आहे. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपच्या किमती चढू लागल्या आणि त्याची झळ एसएसडीलाही बसली. दुसरीकडे, नवे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीहून अधिक जागा मागू लागले आहेत. त्यामुळे असलेली जागा विचारपूर्वक वापरणे हाच बहुतेक घरांपुढील मार्ग आहे.

हा विचार आपल्याकडील घरांना नवा नाही. रोजच्या भाकरीची ज्वारी स्वयंपाकघरातील डब्यात असते. वर्षाची बेगमी पूर्वी कणगीत, बळदात किंवा पेवात ठेवली जाई. पेरणीचे बियाणे मात्र या दोहोंपासून वेगळे, जपून ठेवले जाते आणि कितीही अडचण आली तरी ते दळणात जात नाही. संगणकातील माहितीचीही अशीच तीन गटांत विभागणी करता येते. एसएसडी हा डबा, हार्ड डिस्क ही कणगी. बियाणे कोणते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

वेग येतो कोठून?

हार्ड डिस्क हे मुळात फिरणारे यंत्र आहे. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये पन्नास मोठ्या चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहाताएवढी झाली असली, तरी तत्त्व तेच राहिले आहे. चकती मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून सरकणारे हेड माहिती वाचते. हव्या त्या जागी हेड पोहोचण्यास आणि चकतीचा योग्य भाग त्याच्याखाली येण्यास मिळून सरासरी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. ही वेळ नगण्य वाटते. परंतु त्यामुळे डिस्कला एका सेकंदात जेमतेम ऐंशी ते शंभर वेगवेगळ्या जागा वाचता येतात.

एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो. जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. तिला कोणतीही जागा गाठण्यास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. साहजिकच हजारो लहान लहान तुकडे इकडून तिकडून गोळा करण्याच्या कामात हार्ड डिस्क तिच्या आसपासही येत नाही.

याउलट, एकच मोठी फाइल सलगपणे वाचायची असेल तर हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइटचा वेग सहज देते. यातूनच निवडीची पहिली कसोटी मिळते. जे वारंवार आणि तुकड्या-तुकड्यांनी वाचले जाते, ते एसएसडीत ठेवावे. जे क्वचित किंवा सलग वाचले जाते, ते हार्ड डिस्कवर ठेवले तरी काही बिघडत नाही.

पहिला मान विंडोजचा

या कसोटीवर सर्वांत आधी उतरते ती संगणकाची कार्यप्रणाली. विंडोज सुरू होताना असंख्य लहान फायली वाचल्या जातात आणि संगणक चालू असेपर्यंत हे काम पडद्याआड चालूच राहते. त्यामुळे एसएसडी कितीही लहान असली, तरी तिच्यावर पहिला हक्क विंडोजचा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबी जागेची अट घातली आहे. अद्ययावत करण्याच्या फायली, तात्पुरत्या फायली, ब्राउझर, टायपिंग आणि कार्यालयीन कामाची सॉफ्टवेअर धरून ऐंशी ते शंभर जीबी बाजूला काढलेले बरे.

काही हौशी मंडळी नेमकी येथेच चूक करतात. विंडोज जुन्या डिस्कवरच ठेवून नव्या एसएसडीत फक्त गेम भरतात. अशा संगणकावर गेम लवकर उघडतो; पण त्याच संगणकावर प्रवेश परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या बहिणीला किंवा बँकेचे काम करणाऱ्या वडिलांना एसएसडीचा काहीच लाभ होत नाही. खर्च सर्वांच्या पैशांतून झाला असेल, तर वेगही सर्वांच्या वाट्याला यायला हवा.

कोणता गेम आत, कोणता बाहेर?

विंडोजनंतर उरलेल्या जागेवर गेमचा अधिकार. परंतु सर्व गेमची गरज सारखी नसते.

पहिल्या गटात विस्तीर्ण जगात मुक्तपणे फिरू देणारे नवे गेम येतात. खेळाडू गाडीवरून वेगाने पुढे जात असताना समोरचे रस्ते, इमारती, माणसे ही सारी दृश्ये त्याच क्षणी डिस्कवरून मागवली जातात. डिस्क मागे पडली, की चित्र अडखळते, भिंती काही काळ धूसर दिसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी अंगभूतच होती. त्यानंतर गेम तयार करणाऱ्यांनीही हार्ड डिस्कची पर्वा करणे हळूहळू सोडले. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’साठी १५० जीबी, तर ‘स्टारफील्ड’साठी १२५ जीबी जागा एसएसडीवरच हवी, असे त्यांच्या निर्मात्यांनी सांगितले. ‘सायबरपंक २०७७’च्या किमान गरजांतूनही त्याच वर्षी हार्ड डिस्क वगळण्यात आली. असे गेम खेळायचे असतील तर त्यांना एसएसडीतच जागा द्यावी लागते.

दुसरा गट मित्रांसोबत नेटवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक गेमचा. ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’मध्ये एकदा मैदान लोड झाले, की डिस्कचे काम बरेच कमी होते. तरीही प्रत्येक सामन्याच्या आरंभी ज्याचा संगणक मंद, त्याच्यासाठी बाकीचे खोळंबतात किंवा त्याच्याविनाच सामना सुरू होतो. असा गेम रोज खेळला जात असेल तर तो एसएसडीत ठेवणे योग्य. महिन्यातून एकदा खेळला जात असेल तर नाही.

तिसरा गट जुन्या आणि लहान गेमचा. सायबर कॅफेच्या काळात गावोगावी खेळला गेलेला, २००२ चा ‘जीटीए : व्हाइस सिटी’ हार्ड डिस्कसाठीच तयार झाला होता. तो आजही तेथेच सुखाने चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला आणि २०२० मध्ये आलेला ‘राजी’ आकाराने वरील महाकाय गेमच्या जवळपासही नाही. अशा लहान गेमसाठी डब्यात जागा उरली तर उत्तमच, न उरली तरी रसभंग होत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एसएसडीमुळे गेम लवकर लोड होतो, मध्येच अडखळणे कमी होते. परंतु सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या वाढत नाही. ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचे. त्याचप्रमाणे, सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचणारी साधी साटा एसएसडी आणि ७,००० मेगाबाइट वाचणारी महागडी एनव्हीएमई एसएसडी यांच्यात बहुतेक गेम लोड होण्याच्या वेळेत काही सेकंदांचाच फरक पडतो. मोठी उडी आहे ती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याची. त्यामुळे खिशाला मर्यादा असेल, तर जादा वेगापेक्षा जादा जागेसाठी पैसे मोजणे अधिक शहाणपणाचे.

कणगीचा खरा उपयोग

‘खेळून झालेला गेम काढून टाका, पुन्हा हवा तेव्हा डाउनलोड करा’, असा सल्ला महानगरांतून नेहमी दिला जातो. अमर्याद आणि वेगवान नेट असलेल्या घराला तो मानवतो. इतरत्र हिशोब वेगळा आहे. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर, वेग अखंड मिळाला तरी, साडेपाच तास घेतो. दिवसाला दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तोच गेम उतरवायचा तर पन्नास दिवस लागतील आणि त्या काळात घरातील दुसऱ्या कोणाला नेट वापरता येणार नाही.

अशा ठिकाणी जुन्या हार्ड डिस्कचे मोल कळते. एकदा उतरवलेला गेम काढून न टाकता तो हार्ड डिस्कवर हलवून ठेवावा. पुन्हा खेळावासा वाटला, की एसएसडीत परत आणावा. सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगाने शंभर जीबीची नक्कल होण्यास सतरा मिनिटांच्या आसपास लागतात. साडेपाच तास किंवा पन्नास दिवस यांच्या तुलनेत हा वेळ काहीच नव्हे. स्टीमसारख्या सेवेत दोन्ही डिस्कवर गेमचे स्वतंत्र फोल्डर ठेवण्याची आणि स्टोरेजच्या सेटिंगमधून गेम इकडून तिकडे हलवण्याची सोय आहे. फायली हाताने उचलून टाकण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित होय.

एखादा गेम अद्ययावत झाल्यानंतर त्याचा आकारही पाहावा. हार्ड डिस्कच्या हेडला कमी फिरावे लागावे म्हणून काही निर्माते एकच माहिती डिस्कवर अनेक ठिकाणी लिहीत असत. ‘हेलडायव्हर्स २’ या गेमच्या निर्मात्यांनी २०२५ च्या अखेरीस अशा दुबार फायली काढल्या, तेव्हा संगणकावरील त्याचा आकार सुमारे १५० जीबीवरून सुमारे २३ जीबीवर आला. हार्ड डिस्कवर खेळणाऱ्यांचा तोटाही किरकोळ असल्याचे आढळले. काल डब्यात न मावलेला गेम उद्या मावू शकतो, तो असा.

चित्रपट, गाणी आणि रेकॉर्डिंग

दोन तासांचा चार जीबीचा चित्रपट पाहताना डिस्कवरून सेकंदाला एक मेगाबाइटही वाचला जात नाही. तो एसएसडीत ठेवल्याने चित्र अधिक स्पष्ट होत नाही आणि गाणे अधिक सुरेल होत नाही. लग्नाच्या चित्रफिती, मालिका, व्याख्यानांचे व्हिडिओ, सॉफ्टवेअरच्या मूळ फायली या साऱ्यांचे घर हार्ड डिस्क हेच.

खेळताना केलेल्या रेकॉर्डिंगचेही तेच. ५० एमबीपीएस दर्जाचे रेकॉर्डिंग तासाला सुमारे साडेबावीस जीबी जागा खाते, पण सेकंदाचा विचार केल्यास ते जेमतेम सहा मेगाबाइट लेखन आहे. हार्ड डिस्कला ते सहज पेलते. रेकॉर्डिंगची जागा मुळात एसएसडीवर ठरलेली असेल, तर ती बदलून घ्यावी. अन्यथा आठवडाभरात डबा भरून जातो. संपादनासाठी घेतलेला व्हिडिओ तेवढ्यापुरता एसएसडीत आणावा आणि काम संपताच परत ठेवावा.

डबा काठोकाठ भरू नये

फ्लॅश मेमरीत माहिती लहान तुकड्यांनी लिहिली जाते. मात्र पुसायची असेल तर मोठा गट एकदम पुसावा लागतो. त्यासाठी एसएसडीला मोकळी जागा लागते. ती शिल्लक नसली, की लेखनाचा वेग घसरतो. विंडोजला अद्ययावत होण्यासाठीही जागा हवीच असते. म्हणून दहा ते वीस टक्के जागा नेहमी रिकामी असावी.

प्रत्यक्ष हिशोब असा. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते, कारण कंपनी आणि विंडोज यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी शंभर, मोकळी म्हणून सत्तर जीबी वजा केल्यास सुमारे तीनशे जीबी हाती राहतात. त्यात दोन महाकाय गेम आणि एखाद-दुसरा रोजचा गेम बसतो. २५६ जीबीची एसएसडी २३८ जीबी दिसते. तिच्यात याच हिशोबाने शंभर-सव्वाशे जीबी, म्हणजे एकच मोठा गेम आणि दोन-तीन लहान गेम मावतील.

‘जास्त गेम टाकल्याने एसएसडी झिजते’ ही भीती मात्र फारशी खरी नाही. झीज होते ती लिहिण्याने. गेम खेळताना मुख्यतः वाचनच होते. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींवर कंपन्या १५० ते ३०० टेराबाइट लेखनाची हमी देतात. रोज ४० जीबी लिहिले, तरी १५० टेराबाइट व्हायला दहा वर्षे लागतील.

बियाणे वेगळे ठेवा

आता मुख्य मुद्दा. गेम गेला तर तो पुन्हा मिळतो. वेळ आणि नेट खर्ची पडते एवढेच. विंडोज पुन्हा टाकता येते. परंतु आजीचे शेवटचे छायाचित्र, मुलीच्या पहिल्या पावलांची चित्रफीत, बारावीचा प्रकल्प, जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती पुन्हा डाउनलोड करता येत नाहीत. हे बियाणे होय. ते एसएसडीत ठेवावे की हार्ड डिस्कवर, हा प्रश्नच येथे चुकीचा ठरतो. ते किमान दोन ठिकाणी ठेवावे, हेच उत्तर.

एसएसडी बिघडते तेव्हा पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना देत नाही. शिवाय पुसलेल्या फायलींची जागा ती स्वतःहून मोकळी करीत असल्याने चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. वीज अचानक गेली, तर त्या क्षणी लिहिली जात असलेली माहिती खराब होऊ शकते. म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवाच. एसएसडीत छायाचित्रे भरून ती कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणेही योग्य नव्हे. वीजपुरवठ्याविना पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतील माहिती कालांतराने क्षीण होते आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. चाळीस अंशांवर जाणारा आपल्याकडील उन्हाळा यात भरच घालतो.

जुनी हार्ड डिस्कही अमर नाही. तिच्यातून टकटक असा आवाज येऊ लागला किंवा फायली उघडण्यास अकारण विलंब होऊ लागला, तर आधी तिच्यावरील माहितीची नक्कल करावी, मग कारण शोधावे. छायाचित्रांची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी बाहेर जोडण्याच्या डिस्कवर ठेवून ती शक्यतो दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. अगदी निवडक कागदपत्रांसाठी गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबी मोफत जागाही पुरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत दगड-मातीची घरे कोसळली, तेव्हा कागदपत्रे आणि छायाचित्रेही ढिगाऱ्याखाली गेली. सर्व काही एकाच छताखाली ठेवण्याचा धोका या भागाला नव्याने सांगावा लागत नाही.

गेम खेळणाऱ्यांचेही एक बियाणे असते आणि ते बहुधा दुर्लक्षित राहते. शंभर तास खेळून गाठलेला टप्पा ज्या फाइलमध्ये नोंदला जातो, ती सेव्ह फाइल बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरमध्ये नसते. ती सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा ॲपडेटा या फोल्डरमध्ये असते. गेम डी ड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्तपणे सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर गेम राहतो आणि मेहनत जाते. स्टीमवरील अनेक गेम ही फाइल आपल्या सर्व्हरवर जपतात, परंतु सर्व गेम तसे करीत नाहीत. विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी हे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

थोडक्यात, दुकानातून संगणक घरी आणण्यापूर्वी किंवा जुन्याला एसएसडी बसवण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून तीन याद्या कराव्यात. रोज काय लागते, कधीमधी काय लागते आणि गेले तर परत काय मिळणार नाही. पहिली यादी एसएसडीत, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी दोन ठिकाणी. दर दोन-तीन महिन्यांनी पहिल्या दोन याद्यांतील नावे बदलतील, गेम आत-बाहेर होतील. तिसऱ्या यादीत मात्र भरच पडत जाईल. म्हणून आठवड्याच्या सुटीच्या दिवशी नवा गेम टाकण्यापूर्वी पाच मिनिटे काढून त्या यादीची दुसरी प्रत झाली आहे ना, एवढे पाहून घ्यावे.